घाटातली चिंच

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच धीर होतोय. असो.

आमच्या शहरात जुन्या मोटारी जपणाऱ्यांचा एक क्लब आहे. मी त्याचा सचिव. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मोटार तर लांबच. नोकरीत स्थिरावल्यावर मी एक जुनी फियाट घेतली आणि बिचकतच क्लबात गेलो. बाकीचे वडिलांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायला शिकलेले. मला "या, बसा" म्हणाले ते जहागीरदार काका, क्लबचे संस्थापक. पुढं सचिवही त्यांनीच केलं. "शिकलेला माणूस आहे, सरळ आहे," असं चारचौघांत म्हणाले. त्या दिवशी गावी फोन करून मी आईला ते वाक्य जसंच्या तसं ऐकवलं होतं.

म्हणून जास्त टोचतं.

क्लबचा रौप्यमहोत्सव आला. मेळावा कुठं घ्यायचा? कुणी दौलताबादचा किल्ला म्हणालं, कुणी छावणीतलं लॉन. काकांचं एकच — खुलताबादच्या घाटातली चिंच. कितीतरी वर्षांपूर्वी त्यांची मॉरिस तिथं उकळून बंद पडली होती. मागून ॲम्बॅसिडरमधून सय्यदभाई नावाचे अनोळखी गृहस्थ आले, त्यांनी पाण्याचा डबा काढला. तहानलेल्या काकांनी ओंजळ पुढं केली, तर म्हणाले, "पैले मेमसाब कू पिलाव, अपन बाद में!" मेमसाब म्हणजे मॉरिस. त्या सावलीत दोस्ती झाली आणि दोस्तीतून क्लब. आता सय्यदभाई नाहीत. काकांचे गुडघे गेलेले. यापुढं गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांना शेवटचं एकदा मॉरिस त्या चिंचेखाली नेऊन उभी करायची होती.

जागा पाहून यायचं काम माझ्याकडं आलं. घाटात चिंचा पुष्कळ. नेमकी कोणती, हे आता फक्त काकांना ठाऊक होतं. मागं दगडी कुंड आहे, अशी खूण त्यांनी मला सांगितली.

मी गेलो — म्हणजे, निघालो. खरं सांगू? चढावर थांबलेली गाडी पुन्हा पुढं काढणं मला कधी जमलंच नाही. क्लबात मात्र "घाट काय, नेहमीचाच" असं बोलून बसलेलो. वळणावर समोरून बस आली, मी थांबलो. ब्रेक सोडला तशी फियाट मागं सरकू लागली. मागं टेम्पो. तो हॉर्न देत राहिला, मी इंजिन बंद पाडत राहिलो. शेवटी टेम्पोवाला उतरून खिडकीशी आला. "ओ साहेब, चालवता येत नाय तर म्युझियममधी ठेवा ना! सरका तिकडं." त्यानंच गाडी कडेला लावून दिली. बसमधली माणसं हसत होती.

मी तिथूनच परत फिरलो. चिंच पाहिलीच नाही.

ताफ्यात सचिवाची गाडी सगळ्यांत पुढं, असा आमच्याकडं रिवाज. ती त्या वळणावर मागं सरकेल — सगळ्यांदेखत. घरी येईपर्यंत दुसरं काही सुचेना.

बैठकीत मी म्हणालो, चिंच तोडली. विजेच्या तारांसाठी.

तुम्हाला वाटेल, घाबरून तोंडातून निघून गेलं. मलाही बरेच दिवस तसंच वाटून घ्यायचं होतं. पण काकांनी विचारलं होतं, "पूर्ण तोडली? का नुसत्या फांद्या छाटल्यात?" वाट मोकळी होती. फांद्या छाटल्या, सावली उरली नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "पूर्ण, काका. बुंधा तेवढा राहिलाय." हा बुंधा मी कुठून आणला? कुणी मागितला होता?

काकांनी समोरची बशी बाजूला सरकवली. म्हणाले, "छावणीतच घ्या."

मेळावा छान झाला, असं सगळे म्हणाले. नंतर एका सुट्टीच्या दिवशी मी एसटीनं घाटात गेलो. कुंड लगेच सापडलं. चिंच होती. आमच्या निम्म्या गाड्या सहज मावल्या असत्या, एवढी तिची सावली. खाली एक बाई पेरू विकत होती. तेव्हा मॉरिस अजून काकांच्या दारात होती — हे मला सांगायलाच हवं. काका गाडीत बसू शकत होते. मी त्यांना फोन केला नाही. नंतर पुण्याच्या कुणीतरी मॉरिस विकत नेली.

परवा काकांकडं गेलो होतो. बोलता बोलता घाटाचा विषय निघाला. मी कप धरून बसलो.

"तुम्ही आधी पाहून आलात ते बरं झालं," काका म्हणाले. "गाडी घेऊन गेलो असतो अन् तो बुंधा दिसला असता, तर मला सोसलं नसतं. उपकार झाले तुमचे."

मी म्हणालो, "अहो काका, त्यात काय." आणि चहा संपवला.