काट्यावरची वर्दी

बलभीम ज्ञानोबा ओव्हाळ बी.एस्सी. झालेला होता आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. का द्यावी? वाशीकडच्या माळावर नवा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा काट्यावर, म्हणजे उसाच्या गाड्या तोलायच्या जागी, तो क्लार्क म्हणून लागला तो परीक्षा देऊन, वशिल्यानं नाही. सलग तीन वर्षं दुष्काळ सोसून अठ्ठ्याऐंशीच्या हंगामात ऊस आला तो इवलासा. असल्या वर्षी किलोकिलोला मोल असतं, आणि ते किलो बलभीमच्या हातात होते.

त्याच हंगामात संचालकांना कॉम्प्युटरची हौस आली. बलभीमला महिनाभर पुण्याला शिकायला पाठवलं आणि काट्यापासून ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पेटीपर्यंत वायर ओढली. गाडी काट्यावर चढली की आकडा आपोआप पडद्यावर यायचा, पावती छापून निघायची. आठ दिवस नुसतं कौतुक. नवव्या दिवशी शिवप्पाची गाडी तोलली, दोन हजार एकशे चाळीस किलो. तिच्यामागं एक ट्रॅक्टर आला, चाक काट्यावर टेकवून नंबर लागला नसल्यामुळं परत मागं गेला. मग हरिबाची गाडी आली. ऊस शिगोशीग, बैलांच्या तोंडाला फेस. तिचंही वजन दोन हजार एकशे चाळीस.

"बलभीमा," हरिबा सगळ्या गाडीतळापुढं म्हणाला, "खोट काट्यात हाय का तुझ्यात?"

चेअरमन आबाराव अण्णांनी बोलावून घेतलं. "सोमवारपर्यंत खोट सापडली तर ठीक. न्हायतर काट्यावर दुसरा माणूस बसंल."

नोकरीची भीती होतीच, पण नावाची जास्त. 'खोटा काटेवाला' असं एकदा नाव पडलं की ते नातवंडांपर्यंत पुरतं. बलभीम दोन दिवस जेवणाचा डबा न उघडता पेटीपुढं बसून राहिला, आणि त्याला दिसलं. वजनदार ट्रॅक्टर चढला की हादऱ्यानं वायरीची पिन सुटायची आणि लगेच परत लागायची. पडद्याच्या एका कोपऱ्यात इंग्रजी ओळ उमटायची, काटा गेला. खाली दुसरी, काटा आला. तिकडं बघतो कोण! वजनाचा प्रोग्राम मात्र आपला जुनाच आकडा कवटाळून बसलेला.

त्यानं पुण्याला ट्रंक कॉल लावला. पेटी बसवून गेलेला इंजिनिअर शिवलिंग हलकुडे तिकडून म्हणाला, "बरोबर आहे. कर्नेलला कळतं, प्रोग्रामला कळत नाही. कर्नेल आत असतो, सगळी यंत्रं त्याच्या ताब्यात. प्रोग्राम बाहेर राहतात, त्यांना आत मज्जाव. मधे निरोप नेणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. तो आम्ही लिहिलाच नाही. मला यायला पंधरा दिवस लागतील. तूच बघ लिहून, पुस्तक आहेच तुझ्याकडं."

फोनच्या खरखरीत कर्नेलचा झाला कर्नल. गाडीतळावर बातमी फुटली की पेटीत मिल्ट्रीचा कर्नल बसलाय, त्याला समदं कळतंय पण तो बोलत न्हाय. कँटीनच्या धुरपताबाईंनी तर विचारलंही, "मग त्याच्या चहाचं काय?"

बलभीमनं लिहायला घेतलं. शुक्रवार गेला. शनिवारी चालवून बघितलं तर नवीनच तमाशा. पिन एकदा हलली की चाळीस निरोप! काटा सारखा बंद पडायला लागला, गाडीवाले शिव्या घालायला लागले. संध्याकाळी तो घरी आला आणि वडलांपुढं बसला.

"दादा, तुमी गावाची वर्दी द्यायचा, ती कशी द्यायचा?"

त्या घरात बत्तीस वर्षं हा शब्द निघाला नव्हता. गावात कुणी मेलं, कुणी परका आला, की धावत जाऊन पाटलाला सांगायचं, ही वर्दी. पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. छप्पन साली दीक्षा घेतली आणि ज्ञानोबांनी ते टाकलं ते टाकलंच.

"म्या सोडलेलं काम तू मशीनला लावतो व्हय?" म्हातारा चिडला.

"मशीनला लावतो दादा. माणसाला न्हाय."

ज्ञानोबांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, "कुत्रं भुकलं म्हणून पळत सुटायचं न्हाय. धुरळा बसू द्यायचा, डोळ्यानं बघायचं, मग एकदाच सांगायचं. आन् समोरच्यानं 'ऐकलं' म्हणल्याबिगर माघारी फिरायचं न्हाय. न्हायतर उद्या म्हणतेत, आमाला सांगितलंच न्हाय."

बलभीम उठून उभाच राहिला. महिनाभर पुण्यात त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. रविवारभर बसून त्यानं ते जसंच्या तसं प्रोग्रामात उतरवलं. पिन हलली की थोडं थांबायचं, खरंच सुटलीय का बघायचं, एकच निरोप द्यायचा, आणि वजनाच्या प्रोग्रामनं 'ऐकलं' असा जबाब देऊन जुना आकडा पुसेपर्यंत हटायचं नाही. त्या प्रोग्रामचं नाव त्यानं ठेवलं 'वर्दी'.

सोमवारी सगळा तळ गोळा झाला. ज्ञानोबाही पांढरं धोतर नेसून आले, बाकावर बसले. आबाराव स्वतःच्या ट्रॅक्टरवर बसून आले आणि हिसका देत काट्यावर चढले. पिन सुटली. पडदा कोरा झाला आणि घंटी वाजली.

"अण्णा, ट्रॅक्टर खाली घ्या," बलभीम जागेवरूनच म्हणाला. "काटा रिकामा होऊन शून्यावर आल्याबिगर वजन व्हायचं न्हाय."

"मीबी थांबू?"

"थांबावं लागंल. वर्दी आलीय."

आबारावांनी त्याच्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, आणि मुकाट ट्रॅक्टर मागं घेतला. बाकावर ज्ञानोबा सावरून बसले. शेजारी हरिबा बसला होता. त्याला ते म्हणाले, "लई वर्द्या दिल्या म्या. पर माज्या वर्दीनं पाटील कदी थांबला न्हाय."

हरिबा उठून आपल्या गाडीकडं गेला. आपली पाळी आल्यावर त्यानं गाडी काट्यावर घातली. आकडा आला, पावती निघाली. बलभीमनं ती पुढं केली, "वाचून बघा तात्या." हरिबानं ती घेतली, न वाचताच घडी करून मुंडाशात खोचली आणि बैलांना हाक दिली.