अकराने पकडलेला नंबर

"मॅडम, सिस्टीममध्ये असा कंटेनर नाही म्हणजे नाही. जाऊ द्या त्यांना घरी," मॅनेजर साहेबांनी मला फर्मावलं.

समोर नेरूळची मुग्धा उभी होती. तिचे वडील मस्कतला नोकरीला होते. निवृत्त होऊन कायमचे घरी येणार, म्हणून संसार कंटेनरमध्ये भरून त्यांनी पुढे पाठवला, आणि निघण्याआधीच तिकडे वारले. कागद तिथल्या बंद खोलीत अडकलेले. एजंट म्हणत होता, माल जासईच्या आमच्या कंटेनर यार्डातच उतरलाय. पण यार्डात माणसाचं नाव चालत नाही, नंबर चालतो. मुदतीत सोडवला नाही तर माल लिलावात जातो.

तिने सांगितलेला नंबर मी कॅल्क्युलेटरवर घेतला. कंटेनरचा नंबर म्हणजे चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक आकडा, चेक डिजिट. अक्षरांनाही किंमत ठरलेली असते. पहिल्याला एकाने गुणायचं, मग दोनाने, चाराने, असं दुप्पट करत जायचं. बेरजेला अकराने भागायचं. बाकी उरते ती चौकटीत.

अकराच का? कारण अकरा मूळ संख्या. एक, दोन, चार, आठ, सोळा असं दुप्पट करत अकराने भागत गेलात, तर बाकी एक ते दहा सगळ्या येतात, एकही दोनदा नाही. प्रत्येक जागेचं वजन वेगळं, म्हणून आकड्यांची अदलाबदल झाली की हा पठ्ठ्या बहुतेक वेळा पकडतोच!

चौकटीत आठ, माझी बाकी दोन.

"सर, असा नंबर जगात कुठेच नाही."

"मग तेच सांगा ना त्यांना!"

"थांबा हो जरा. मुग्धा, नंबर मिळाला कुठून?"

"पप्पांची व्हॉइस नोट आहे. रोज ऐकते मी, आंटी."

तिने लावली. दमलेला, पण खुशीतला आवाज. आकडे मराठीत, जोडीजोडीने. कडेच्या दोन्ही जोड्या सारख्याच आकड्यांच्या, मधली त्रेसष्ट.

"त्रेसष्ट म्हणजे किती गं?"

"त्रे... थ्री. मग सिक्स. थर्टी सिक्स ना?"

मी कपाळावर हात मारला. आपण तीन आधी बोलतो आणि सहा आधी लिहितो. इंग्लिश मीडियमची पोर, ऐकलं तसं लिहिलं. सहा-तीन टाकले, बाकी आठ! सर्च मारला. मागच्या ब्लॉकमध्ये, तिसऱ्या थरात.

"अरे, आहे की!" साहेब खुर्चीतून उठले. लिलाव थांबवायचा मेल त्यांनी स्वतः टाकला.

व्हॉइस नोट चालूच होती. "...एकोणतीसला पोचतो गं. जेवायला थांब."

"एकोणतीस म्हणजे थर्टी वन ना, आंटी?"

खोटं बोलावंसं वाटलं. "नाही गं. ट्वेंटी नाइन."

तिने नोट मागे नेऊन पुन्हा ऐकली. "मी थर्टी वनची सुट्टी टाकली होती. म्हणजे दोन दिवस आधीच येणार होते." मग तिचा बांध फुटला, आणि मलाही आवरेना.

नवे कागद आले, कंटेनर सुटला. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, पोरांना मराठी आकडे शिकवा. कंटेनरची चूक अकरा पकडतो. तारखेला चेक डिजिट नसतो.