मित्राने काढलेला कॅमेरा

फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. चांदिवलीला ज्या घरी मी सकाळी पोळ्या करायला जाते, तिथल्या वहिनींनीच फोन उचलून माझ्या कानाला लावला. पलीकडे माझ्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे मित्राच्या, ऑफिसातली पूजा होती. ती म्हणाली, "ताई, मित्रा खुर्चीतून पडली… तुम्ही या." कुठल्या हॉस्पिटलात यायचं ते सांगितलं आणि फोन ठेवला. मी हात धुतले, तव्यावरची पोळी उलटली, ती होईपर्यंत थांबले, गॅस बंद केला आणि मग निघाले. त्या पोळीसाठी मी का थांबले हे मला अजून समजत नाही. अंधेरीला पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिने.

विहारात पुण्यानुमोदन झालं. वंदना झाल्यावर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, समोर बसलेली माणसं बघितली आणि खाली बसले. तिथे बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे. कोणाला दाखवायचं म्हणून नाही. पण मनातल्या मनात बोलत राहिलं तर ते आईला ऐकू जाईल अशी भीती वाटते.

तिचं पूर्ण नाव संघमित्रा. आम्ही परभणीकडून साकीनाक्याला आलो तेव्हा ती आईच्या पोटात होती. ती झाली आणि आई कारखान्यात जायला लागली, म्हणून मी चौथीनंतर घरी राहिले आणि तिला सांभाळलं. त्यामुळे ती बहीण कमी आणि माझ्या अंगाखांद्यावर वाढलेलं लेकरू जास्त. पुढे ती कॉम्प्युटर शिकली, अंधेरीच्या एका कंपनीत लागली. माझं लग्न टिकलं नाही, मी परत आईकडेच आले. मग आम्ही तिघी त्याच खोलीत. मित्राने लग्नाचं नाव काढलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "दोन बायका आहेत की घरात, तिसरं माणूस कुठे ठेवू?"

तिचं काम काय, हे मी तिला पुष्कळदा विचारलं. एकदा भाजी निवडताना तिने नीट सांगितलं. "ताई, घराला नंबर असतो ना, तसा नेटलाही असतो. काही नंबरांवरून कोणीतरी दिवसभर दुसऱ्यांच्या कड्या हलवून बघत असतं. हॉस्पिटल, बँक, शाळा, कुठलीही कडी सैल दिसली की आत घुसायचं. आमच्याकडे एका हॉस्पिटलचं काम आहे. त्याच्या कड्या कुठल्या नंबरावरून हलतायत ते मी बघते. मग तो नंबर कोणाच्या मालकीचा आहे ते शोधते आणि त्याला मेल करते, की बाबा, तुझ्या इथून हे चाललंय, बघ जरा."

"मग तो काय म्हणतो?"

"काही नाही म्हणत."

"म्हणजे?"

"म्हणजे उत्तरच देत नाही. दोनदा-तीनदा कळवून बघते. मग तो नंबर बंद करते, आणि सगळ्यांना मिळून एक यादी आहे त्यात टाकते. मग बाकीचेही त्याला दारात उभं करत नाहीत."

तेव्हापासून ती घरी आली की चप्पल काढता काढता मी विचारायची, "आलं का गं कोणाचं उत्तर?" ती म्हणायची, "आलं ना! बादशहाचं आलं, जेवायला बोलावलंय." कधी नुसती मान हलवायची. पुढे पुढे मान हलवणंच जास्त झालं. एवढी वर्षं तिने जगभर पत्रं लिहिली आणि कोणी तिला साधं हो सुद्धा म्हटलं नाही. कसं सहन करायची कोण जाणे. मी चार घरी पोळ्या करते, तिथे निदान मीठ कमी पडलं तर बोलतात तरी.

आईला अर्धांगवायू झाला आणि तिची उजवी बाजू गेली. मी सकाळी कामाला गेले की दुपारपर्यंत ती एकटी. फोन तिच्या डाव्या हातातून निसटायचा. शेजारणी डोकावायच्या, पण त्यांनाही त्यांची कामं. तेव्हा मित्राने बाजारातून एक छोटा कॅमेरा आणला आणि आईच्या पलंगासमोर भिंतीवर खिळा मारून लावला. त्यातून ऑफिसात बसून आई दिसायची आणि बोलताही यायचं. मित्रा बघायला लागली की त्यावर बारीकसा निळा दिवा लागायचा. पहिल्या दिवशी भिंतीतून आवाज आला तेव्हा आईने पदर डोक्यावर घेतला होता. नंतर ती दिव्याची वाटच बघत बसायची.

डॉक्टरांनी पाणी जास्त प्यायला सांगितलेलं, आणि आई टाळायची. मित्रा भिंतीतून विचारायची, "आई, पाणी प्यायलीस का?"

"पिले गं माय."

"खोटं बोलतेस. पेला दाखव."

मग आई डाव्या हाताने स्टीलचा पेला उचलून कॅमेऱ्यापुढे उलटा धरायची. थेंब पडला नाही की भिंतीतून आवाज, "शाब्बास!" आणि आई अर्धांगाने वाकड्या झालेल्या तोंडाने हसायची. कधी मुद्दाम भरलेला पेला उलटा करायची, सगळं अंथरूण ओलं, आणि ऑफिसात बसलेली मित्रा ओरडायची, "आई, तू काय येडी आहेस का!" मी दारातून आत येताना हे ऐकलं आहे. आमच्या घरात तेवढा एकच खेळ चालायचा.

मागच्या वर्षी मित्रा एका नंबराने फार हैराण झाली होती. तो थांबतच नव्हता. मालकाचं नाव कुठल्याशा मोठ्या इंग्रजी कंपनीचं होतं. तिने कळवलं, परत कळवलं. उत्तर नाही. शेवटी तिने तो बंद केला आणि यादीत टाकला. त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "घातला एकदाचा पिंजऱ्यात."

त्यानंतर आमच्या गल्लीत कुरकुर सुरू झाली. नाक्यावर राणेकाकांचं झेरॉक्सचं दुकान आहे, कणकवलीकडचे आहेत. लोक त्यांच्याकडे हॉस्पिटलात तपासायचा नंबर नेटवर लावायला येतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर ते हॉस्पिटलचं पान उघडेना. गल्लीत कोणाच्याच घरी उघडेना. मग आईच्या तपासणीसाठी मित्रा एका रविवारी घरून नंबर लावायला बसली, तर तिलाही तेच. परवानगी नाही, असं लिहून यायचं, आणि खाली आमच्या नेटचा नंबर. तिने तो नंबर पडद्यावर बोट ठेवून वाचला. मग म्हणाली, "ताई… हे आमच्याच कामाचं हॉस्पिटल, आणि हा तर माझ्या पिंजऱ्यातला नंबर आहे."

ती तशीच उठून गल्लीला नेट देणाऱ्या केबलवाल्या शकीलभाईकडे गेली, मीही मागे गेले. ती मोठी इंग्रजी कंपनी म्हणजे आमचा शकीलभाईच होता. तो हसायलाच लागला. "दीदी, पूरी गल्ली एकाच नंबरवर चालते. कोणाकोणाच्या घरात घुसू मी? आणि तुमचा मेल? तो मेल कोण बघतंय! भाच्याने बनवून दिला होता, तो गेला दुबईला."

मग मित्राच घरोघरी हिंडली. तिला आधी राणेकाकांच्या दुकानावरच्या कॅमेऱ्याचा संशय आला, तर ते उखडले. "माझो कॅमेरो चोर कसो असतलो गो? तो चोरांका बघूक लावलेलो आसा!" तरी तिने तपासला. तो स्वच्छ निघाला. दुसऱ्यांच्या घरची नेटला जोडलेली सगळी डबडी बघून झाली. मग ती घरी आली, आईच्या समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहिली, आणि मला तिचं तोंड बघूनच समजलं.

तिने पासवर्ड बदललेला होता. पण त्या स्वस्त कॅमेऱ्यातच कुठेतरी भोक होतं, बनवणाऱ्याने ते कधी बुजवलं नाही, आणि त्यातून कोणीतरी आत शिरून त्याला कामाला लावलं होतं. तिला हे सगळं माहीत होतं, लोकांना तीच सांगायची असले कॅमेरे घेऊ नका म्हणून. पण त्या दिवसांत आई एकटी असायची आणि तिला घाई होती. आमच्या आईचा पेला बघणारा तो डोळा उरलेला सगळा वेळ हॉस्पिटलच्या कड्या हलवत होता.

मित्राने वायर काढली. खिळ्यावरून कॅमेरा उतरवला. आई विचारत होती, "काय झालं त्याला?" मित्रा म्हणाली, "बिघडलाय आई." मग ती राणेकाकांकडे जाऊन माफी मागून आली. ते म्हणाले, "जाऊ दे गो, बस, चाय पी," पण ती बसली नाही.

मी तिला म्हटलं, दुसरा आण, चांगला बघून आण. ती म्हणाली, "चांगला कुठलाच नसतो ताई. आज चांगला, उद्या त्यालाही कोणीतरी उघडतं." आधी कधी ती असं बोलत नसे. आमच्या गल्लीचा नंबर तिच्या हॉस्पिटलने सोडवला, पण यादीतून निघायला तिला ती यादी ठेवणाऱ्यांना लिहावं लागत होतं आणि तिथून उत्तर येत नव्हतं. एकदा जेवताना हातातला घास तसाच ठेवून म्हणाली, "मी इतक्या लोकांना लिहिलं, तुमच्या घरात बघा, तुमच्या घरात बघा. माझ्या घरचं पत्र मलाच पोचलं नाही. आणि ताई, एवढे नंबर बंद केले मी… त्यांच्या मागेही अशीच गल्ली असेल ना? अशीच कोणाची तरी आई?" मी म्हटलं, जेव. ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कामाला गेली आणि आणखी नंबर बंद केले. पुढेही करत राहिली. काम तेच होतं. पण घरी आल्यावर मी विचारायचं सोडलं होतं.

पूजा भेटायला आली होती. मित्राचं काम आता तिच्याकडे आहे. तिला चहा देताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आलं का कोणाचं उत्तर?" तिला आधी समजलं नाही. मग तिने मान हलवली. आमच्या गल्लीचा नंबर अजून त्या यादीत आहे, असंही तिने सांगितलं. त्याखाली कळवणारी म्हणून मित्राचं नाव नाही. तसं नाव लिहितच नाहीत म्हणे.

आईला मी सांगितलं आहे. तिला मित्राजवळही नेलं होतं, तिने डाव्या हाताने तिचं तोंड चाचपलं होतं. म्हणजे तिला कळलेलं आहे. रडलीही आहे. कॅमेरा कपाटात बिस्किटाच्या डब्यात ठेवलेला, वायर मित्रानेच गुंडाळून रबर लावलेली. एक दिवस आईने तो मागितला. मी म्हटलं, बिघडलाय ना. ती म्हणाली, "असू दे. लाव." मी खिळ्याला लटकवला. वायर जोडली नाही. ती मित्राने काढलेली आहे, मी जोडणार नाही.

आता मी दुपारी घरी येते तेव्हा आई पाणी पीत असते, कोणी न सांगता. संपलं की पेला भिंतीकडे उलटा धरते. थेंब पडत नाही. निळा दिवा लागत नाही. तरी ती पेला खाली घेत नाही. काल मला बघवलं नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, "शाब्बास, आई."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "तू नको बोलूस."

मी स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळले. मागे तिचा हात अजून वरच होता.