मागची गाडी

व्हिडिओ गेम खेळायला बसलेला माणूस आधी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करतो आणि मग हॉर्न कुठाय म्हणून शोधतो, असं कुणी पाहिलंय का? लातूरच्या ट्यूशन एरियाने पाहिलंय. मूळचे मुरुडचे गुरुलिंगआप्पा एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झाले, आणि खाकी शर्ट घालून, कपाळाला विभूती लावून, रोज दुपारी सन एकवीसशेची गाडी चालवायला येऊ लागले.

दोष त्यांचा नव्हता हो. बायको जगदेवीने घरातल्या तिन्ही खोल्या बारावीच्या पोरींना भाड्याने दिल्या होत्या. पोरी पुस्तक उघडून बसल्या की आप्पांना खोकायचीसुद्धा चोरी. "अवो, तुमच्या खोकल्यानं एखादीची डॉक्टरकी हुकंल," ती म्हणायची, "जावा की जरा भायेर." स्वतःच्या घरातून हाकललेला माणूस जाणार कुठे? शेजारच्या गल्लीत उमाशंकरचं गेम पार्लर होतं आणि तिथे पंखा होता.

त्या खेळातल्या गाड्यांना चाकंच नव्हती. रस्त्यावर वीतभर अधांतरी तरंगायच्या, आणि काटा थेट दोन हजारांवर. आप्पांच्या एसटीचा काटा जन्मात साठाच्या पुढे गेला नव्हता. औशाच्या उतारावर एकदा बासष्ट झाला होता, तो किस्सा त्यांनी निरोप समारंभातही सांगितला. दोन हजारांवर जग कसं दिसतं ते एकदा, फक्त एकदा बघायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

पण गाडी सुटायचीच नाही! पडद्यावर तीन, दोन, एक व्हायचं, बाकीच्या नऊ गाड्या पार क्षितिजाला टेकायच्या, आणि आप्पा आपले शांत.

"आप्पा, दाबा की!" उमाशंकर बोंबलायचा.

"बेल कुठं झाली? डबल बेल झाल्याबिगर गाडी हलत नसती."

दुसऱ्या दिवशी ते शेषेरावला घेऊन आले. शेषेराव म्हणजे वीस वर्षं त्यांच्याच गाडीवरचा कंडक्टर; आप्पा त्याला मास्तर म्हणायचे. त्याने पार्लरच्या छताला दोरी बांधली, दोरीला घंटी बांधली, आणि मांडीवर चामडी पिशवी घेऊन मागच्या स्टुलावर बसला. टण् टण्! गाडी सुटली. पहिल्या आठवड्यात नऊशे, दुसऱ्यात चौदाशे. ट्यूशन बुडवून पोरं बघायला येऊ लागली.

आणि मग ते वळण आडवं आलं. तिथे रस्त्याच्या कडेला प्रेक्षकांची ही गर्दी, सगळ्यांचे हात वर. आप्पांनी कचकन ब्रेक मारला.

"अवो, ते तुम्हाला शाब्बास म्हणायलेत!" उमाशंकर ओरडला.

"हात वर हाय. हात दाखवला की थांबायचं."

पडद्यातलं कुणी चढणार थोडंच? पण आप्पा थांबायचे, शेषेराव मागे वळून बघायचा, मग बेल द्यायचा. दहा गाड्यांत दहावा नंबर ठरलेला. पोरं हसून लोळायची. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणून आप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

नोकरीतही हीच तऱ्हा होती. कुणी माश्या वारल्या, गाडी थांबली. वरातीत कुणी नाचताना हात उडवला, गाडी थांबली. एकदा तर ज्वारीतल्या बुजगावण्यासाठी एसटी उभी केली होती या माणसाने! उशिराबद्दल मेमोवर मेमो आले. का थांबता, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते फक्त शेषेरावला ठाऊक होतं.

भूकंपाच्या साली त्यांची गाडी किल्लारीकडच्या एका गावी मुक्कामी होती. दोघं गाडीतच झोपले होते म्हणून वाचले. गावाचा ढिगारा झाला. पहाटे जखमींना भरून आप्पा लातूरला निघाले. पाय ठेवायला जागा नव्हती, आणि काटा साठाच्या पुढे सरकेना. एका फाट्यावर पंधरा-वीस माणसं हात वर करून उभी होती, मधे बाजेवर कुणीतरी निजवलेलं. आप्पांनी गाडी थांबवली नाही. दाराला लोंबकळलेल्या शेषेरावने ओरडून सांगितलं, "गाडी फुल्ल हाय! मागं दुसरी यायलीय!"

मागे दुसरी नव्हती. दुपारी हेच दोघं परत गेले, तेव्हा फाट्यावर नुसती बाज होती. त्या दिवसापासून शेषेरावच्या तोंडून ते वाक्य कधी निघालं नाही.

एका शनिवारी उमाशंकर म्हणाला, "आप्पा, आज मन भरेपर्यंत खेळून घ्या. उद्या मशीन नांदेडला चाललंय. इथं अभ्यासिका व्हायलीय."

आप्पांनी स्टिअरिंगला नमस्कार केला. उदबत्ती लावली आणि बसले. टण् टण्. हजार, पंधराशे, सतराशे. पोरं पडद्याजवळ सरकली. वळण आलं. हात वर झाले. आप्पांचा पाय ब्रेककडे वळला, वळलाच!

शेषेराव स्टुलावरून उठला. दारातून वाकावा तसा बाजूला वाकून, पडद्याकडे बघत, फाटक्या आवाजात ओरडला, "गाडी फुल्ल हाय! मागं दुसरी यायलीय!" आणि डबल बेल दिली.

आप्पांचा पाय ब्रेकपर्यंत पोचलाच नाही, आणि गाडी हातांसमोरून गेली. अठराशे. एकोणीसशे. दोन हजार!

पार्लर दणाणलं. पोरांनी आप्पांना उचलायचंच बाकी ठेवलं होतं.

"काय दिसलं, आप्पा?" उमाशंकरने विचारलं.

"काय न्हाई. माणसं दिसलीच न्हाईत रे." आप्पा ढसाढसा रडत होते. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

उमाशंकर मशीन बंद करायला गेला, तर आप्पांनी त्याचा हात धरला. "थांब. अजून एक फेरी लाव."

"झाले की दोन हजार! आता कशाला?"

"मास्तरनं त्या लोकांना सांगितलंय, मागं दुसरी यायलीय म्हणून."

शेषेरावने तोंडावरून हात फिरवला आणि दोरी ओढली. गाडी निघाली, बरोबर साठाने. बाकीच्या नऊ गाड्या कधीच दिसेनाशा झाल्या. पोरं कंटाळून ट्यूशनला गेली. वळणावर आप्पांनी हळूच ब्रेक लावला, आणि शेषेराव स्टुलावरून वाकून म्हणू लागला, "चढा, चढा. बाज आडवी घ्या. आत सरका, लई जागा हाय."