तांडेल मोहल्ल्यातली दुपार

घाट उतरून एसटी खोपोलीला थांबली, तेव्हा गाडीत आम्ही मोजकेच उतारू उरलो होतो. एरवी पुण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत उभं राहायला जागा नसते. मुंबईतल्या दंगली थंडावल्या असं वर्तमानपत्रं सांगत होती, पण पनवेल जवळ आल्यावर कंडक्टर मुद्दाम मागे आला आणि एकेकाला बजावू लागला, "स्टँडवर रेंगाळू नका. सरळ घर गाठा."

मी साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवते. गावोगावच्या आळ्यांची नावं कशी पडली, हे विचारत फिरायचा मला जुना नाद आहे. निघताना यजमान म्हणाले होते, "आळ्या काय पळून चालल्यात? उन्हाळ्यात जा." पण पनवेलच्या लाइन आळीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचं, सुलभाचं, ऑपरेशन झालं होतं. तिला बघायला जायचंच होतं. आळ्यांची हौस त्यात भागली असती.

स्टँडबाहेर रिक्षा होत्या, पण रिक्षावाले गप्प होते. दुकानांची शटरं अर्ध्यावर ओढलेली, म्हणजे पटकन खाली घेता यावीत अशी. सुलभाच्या नवऱ्याने दार उघडण्याआधी खिडकीतून माझा चेहरा पाहून घेतला. जेवायला वालाचं बिरडं (सोललेल्या कडव्या वालांची उसळ) होतं. चव उत्तम, पण रस्त्यावर जरा कुणी मोठ्याने बोललं की आम्हा तिघांचेही घास हातात थांबायचे.

सकाळी उजेडात भीती जरा ओसरली आणि मी बाहेर पडले. मिरची गल्लीचं नाव विचारायची गरजच नव्हती. तोंडाशी उभी राहिले आणि शिंका सुरू झाल्या. लाइन आळीचं मात्र भांडण निघालं. भाऊजींचं म्हणणं, इथे पलटणीची लाइन होती. शेजारचे काका म्हणाले, "छे हो, घरं एका ओळीत बांधली म्हणून लाइन." दोघेही चहा होईपर्यंत हटेनात. शेवटी काकाच म्हणाले, "बंदराच्या वेळच्या गोष्टी हव्यात ना? तांडेल मोहल्ल्यात म्हातारी माणसं आहेत. पण आत्ता नका जाऊ." तांडेल म्हणजे गलबताचा नाखवा, एवढं मला ठाऊक होतं. खाडी गाळाने भरण्याआधी पनवेलचं बंदर मोठं होतं, हेही वाचलं होतं.

दुपारी सुलभा औषधाने झोपली आणि मी निघाले. भर दुपार आहे, असा काय धोका, असं मनाला सांगत.

गल्लीच्या तोंडाशी पाटी नव्हती. जिथे ती असायला हवी तिथे भिंतीत खिळ्यांची भोकं होती आणि एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसत होता. आत पहिल्याच ओट्यावर एक चाळिशीतला माणूस शिलाई मशीनवर बसला होता.

"हाच का तांडेल मोहल्ला?" मी विचारलं.

मशीन थांबलं. "कोनता?"

"तांडेल मोहल्ला."

"असा मोहल्ला इथं नाय."

तेव्हाच मी परत फिरायला हवं होतं. पण सवय वाईट. मी म्हटलं, "मग या गल्लीला काय म्हणतात? इथली जुनी घरं कुणाकुणाची आहेत?"

तो मशीनवरून उठला. समोरचं दार आवाज न करता लागलं. मग त्याच्या शेजारचं. कुठून तरी चार-पाच माणसं आली आणि माझ्याभोवती उभी राहिली. कुणी अंगाला हात लावला नाही, कुणी आवाजही चढवला नाही, पण परत जायची वाट बंद झाली होती.

"कोनी पाठवलं तुमाला?" शिंप्याने विचारलं.

"कुणी नाही. मी शिक्षिका आहे. साताऱ्याहून आले."

"साताऱ्याहून इथं घरं विचारायला आल्या?"

खरं कारण तोंडापर्यंत आलं आणि मलाच ते खोटं वाटायला लागलं.

इतक्यात नाक्याच्या बाजूला काहीतरी धाडकन फुटलं. कुणीतरी ओरडलं, "आले! आले!" क्षणात गल्ली रिकामी झाली. शटरं आपटली, एक बादली गडगडत गेली. मी जागच्या जागी खिळून उभी. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरून मला आत खेचलं आणि दाराला अडसर घातला.

आत अंधार होता. मला ओढून आणणारी बाई साठीची असावी. तिने मला जिन्याखाली बसवलं आणि स्वतः शेजारी टेकली. तिचा श्वास मला ऐकू येत होता, माझा तिला. बाहेर कोण आलं होतं? आले असतील तर ते माझ्यासारखंच बोलणारे, माझ्यासारखीच नावं असलेले लोक असणार होते. आणि दाराआड माझ्यावर संशय घेणारी ही माणसं. दोन्हीकडची भीती एकदम अंगावर आली. माझा हात मंगळसूत्रावर गेला होता. ते पदराखाली लपवावं की वर काढून दिसेलसं ठेवावं, हे मला कळेना.

बाईने ते पाहिलं. "राहू द्या तसंच," ती हलकेच म्हणाली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग दारावर थाप पडली आणि शिंप्याचा आवाज आला, "भाभी, खोला. ट्रकचा टायर फुटला."

आम्ही दोघी उठलो. बाईचं नाव जुबेदाबी आणि शिंपी हनीफ हा तिचा धाकटा दीर. तिने कोरा चहा केला. दूध आलं नव्हतं. सोबत सांदण (तांदळाची वाफवलेली गोडसर वडी) दिलं.

"परवा दोघं आले होते," हनीफ म्हणाला. "असंच विचारत. कोनतं घर कुनाचं. मग रात्री आमीच पाटी काढली. दारांवरची नावंपन काढली."

मी "माझं चुकलं" एवढंच म्हटलं.

"तुमी खरंच नाव विचारायला आल्या?" जुबेदाबीने विचारलं. मी मान डोलावली, तशी ती पहिल्यांदा हसली. "अल्ला! तांडेल आमचा नवताच. कोळी होता. होड्या भरतीच्या पान्यावर सुटायच्या ना, मुंबईचे उतारू इथंच ओट्यांवर झोपायचे. पानी चढलं की तो गल्लीतून हाळी देत जायचा. कुनाची होडी चुकू दिली नाय त्यानं. घर मागनं माज्या सासऱ्यांनी घेतलं. लोक तांडेलाकडं जातो म्हनायचे, ते तसंच राहिलं."

"आनि त्याच नावाची आता भीती," हनीफ म्हणाला.

तो मला सोडायला आला, पण मोठ्या रस्त्याआधीच थांबला. "इथनं पुढं मी नाय येत, मॅडम." तिथून सुलभाच्या घरापर्यंत मी एकदाही मागे पाहिलं नाही. घरी भाऊजी संतापले, सुलभा रडली. मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत निघाले. शेजारी एक सभ्य गृहस्थ होते. घाट चढताना त्यांनी संत्र्याची एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि सहज विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"साताऱ्याची."

"अरे वा. आडनाव काय?"

हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे आणि मीही तो वर्गात, लग्नात, प्रवासात शेकडो लोकांना विचारला आहे. उत्तर द्यायला कधी श्वासही घ्यावा लागला नव्हता. त्या दिवशी मात्र मी आधी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, हातातल्या वर्तमानपत्राकडे पाहिलं, गाडीत पुढेमागे कोण बसलंय ते पाहिलं. आणि मग आडनाव सांगितलं.

ते खुशीत म्हणाले, "म्हणजे आपल्यातल्याच!"

हातातली संत्र्याची फोड मी सातारा येईपर्यंत खाल्ली नाही.