अर्धलीनं दिलेला गेम

"मेंढक्याच्या पोरानं मेंढरं राखावीत. हिशेब कशाला विचारतोस?"

पुण्याच्या हापिसात साहेब असं बोलला तवा मी उभा होतो. बस म्हणालाच न्हाय. पलीकडं टेबलावरची माणसं हसली.

तवा मोबाईलवर आजच्यासारखी ॲपची दुकानं नव्हती. गेम विकायचा तर मोबाईल कंपनीच्या पोर्टलवरनंच. आन् तितं शिरायचं तर असल्या मधल्या दलाल साहेबाच्या पाया पडायचं. मी सोलापुरात खोली घेऊन गेम केलेला. लांडग्यापासनं मेंढरं राखायचा. एकट्यानं. सांगायचं कुणाला? फोनवर आई इचारायची, "जेवलास का?" मी म्हणायचो, व्हय. संपलं बोलणं. लई एकटं वाटायचं.

आमा धनगरात रीत हाय. मेंढी अर्धलीनं द्यायची. दुसऱ्यानं राखायची, पिल्लं निम्मी त्याची, निम्मी आपली. मेंढी मालकाचीच. साहेब म्हणाला, कमाईत वाटा मिळेल. अर्ध्याबिगर दुसरा वाटा मला ठावकच नव्हता. येड्यावानी सही केली.

गेम चालला की! एसटीत पोरं खेळताना मी डोळ्यांनी बघितली. पण मोठा वाटा मोबाईल कंपनीचा, उरलेल्यातलाबी बराचसा साहेबाचा. मला पुण्याला जायचं एसटीचं भाडंबी सुटंना. वर गेम उघडला की नाव साहेबाच्या कंपनीचं. तेच इचारायला गेलो होतो.

हसणं थांबल्यावर साहेब म्हणाला, "दुसरा गेम आणलायस ना? ठेव इथं. नाव आमचंच पडेल. तुझं आडनाव स्क्रीनवर बरं दिसत नाही."

त्या गेमचं मेमरी कार्ड माझ्या मुठीत होतं. हे दार मिटलं तर दुसरं नव्हतं, हे मला कळत होतं. पण राग जास्त आला. आडनाव माझ्या बापाचं हाय.

म्हणालो, "साहेब, आमच्यात राखायला दिलेली मेंढी कुणी आपल्या नावावर करत न्हाय. केली तर त्याला चोर म्हणत्यात."

आन् कार्ड घेऊन निघालो.

तो गेम कुटंच गेला न्हाय. कुणी खेळलं न्हाय. पुण्यातनं येणारं बारीकसारीक कामबी बंद झालं. गेम करणारी दुसरी पोरं म्हणाली, माजलाय. सोलापूरच्या त्या खोलीत मी कैक वर्षं काढली, गेम करत. ते जुने फोनबी भंगारात गेले.

आता ॲपची दुकानं हायत. वाटा तीबी कापत्यात, त्यांच्याशीबी माझं भांडण हाय. पण माझा गेम उघडला की आधी माझं आडनाव येतं. मोठ्या अक्षरात. बघवत नसंल त्यानं फोन खाली ठेवावा. मी पुसणार न्हाय.