नोलीनचं वजन

लोकरीच्या गाठी दाबायचं काम नोलीन ट्रँटरने वीस वर्षं केलं. टोळीत मेंढ्या कातरणारे आम्ही बरेच, प्रेसवर ती एकटी. तिची गाठ कधी ढिली निघाली नाही.

मग आमवाताने बोटं धरली. डॉक्टरांनी मलेरियावरही देतात त्या गोळ्या चालू केल्या. बोटं वळू लागली आणि ती प्रेसवर परतली. गोळ्या वर्षानुवर्षं तेवढ्याच राहिल्या.

या गोळ्या घेणाऱ्याने दरवर्षी डोळे तपासायचे असतात. कातरणीचा हंगाम पुढे करून ती टाळायची. शेवटी डॉक्टरांनी गोळ्या लिहून द्यायचं नाकारलं, तेव्हा मी तिला डब्बो शहरात डोळे तपासायला नेलं. डोळ्यांत थेंब घातल्यावर गाडी चालवता येत नाही, आणि मी निवृत्त, मोकळाच होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला.

"पडद्याच्या मधल्या भागातल्या या बारीक रक्तवाहिन्या विरळ झाल्यात. नजर अजून शाबूत आहे, पण गेली तर परत येणार नाही. वजन किती तुमचं?"

"ऐंशी."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठे ठेवलंय एवढं?"

"खिशात."

प्रेसवर हलकं माणूस ठेकेदार घेत नाहीत. कुणीही विचारलं की ऐंशी, हे तिच्या तोंडात बसलं होतं. गोळ्यांचं प्रमाण वजनावर ठरतं हे तिच्या डोक्यात नव्हतं. पहिल्या डॉक्टरांनाही तिने ऐंशीच सांगितलं होतं.

"बूट काढा. काट्यावर उभ्या राहा."

"रेग, तू बाहेर हो," ती मला म्हणाली.

"मी काय ठेकेदार आहे?"

"तोंड आहे ना तुला."

मी बाहेर थांबलो. ती काळा चष्मा लावून आली. "पंचावन्न. गोळ्या निम्म्यावर आणतायत. बंदच करा म्हणत होत्या, मी भांडले."

"आणि हात?"

"बघू."

दोन महिन्यांत तिला गाठीचं तोंड बंद करता येईना. ती स्वतःच ठेकेदाराकडे, कॉल प्यूकडे गेली.

"कॉल, मी पंचावन्न किलोची आहे."

"माहितीये की, बये. वारा सुटला की आम्ही तुला शोधायचो. गाठी घट्ट यायच्या, मग मी कशाला विचारू?"

"आधी बोलला असतास तर?"

कॉल म्हणाला, "टेबलावर ये. डागाळलेली लोकर वेगळी काढायला माणूस हवंय."

तिथे ती धिमी आहे, पण तिच्या नजरेतून डाग सुटत नाही. पुढच्या तपासणीत रक्तवाहिन्या होत्या तेवढ्याच निघाल्या. सकाळी बोटं सुटायला तासभर लागतो, म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठते.